गुडघ्याचा हिशेब : खो-खोच्या मैदानावर परतताना

खेळाडूच्या गुडघ्याविषयी आपल्याकडे दोन मते अगदी ठाम आहेत. घरची वडील मंडळी म्हणतात, "गुडघा गेला की खेळ संपला." मैदानावरची मंडळी म्हणतात, "ऑपरेशन झालं ना? मग सहा महिन्यांत ये की." ही दोन्ही वाक्ये गेल्या वर्षभरात मी इतक्या वेळा ऐकली की, त्यांत कितपत तथ्य आहे हे एकदा नीट अभ्यासून पाहावे असे वाटू लागले. प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचा गोषवारा होय. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो केवळ रुग्ण म्हणून. तेव्हा कोणाला उपचार सांगण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्या कॉलेजात खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळणारी मुले-मुली पुष्कळ आहेत आणि दरवर्षी एखाददुसऱ्याचा गुडघा जातोच. त्यांना विचारायला कोणी नसते, म्हणून हा खटाटोप.

प्रथम गुडघा आणि खो-खो यांचा संबंध पाहू. खो-खोचे नियम वाचकांना ठाऊक आहेत. तरी गुडघ्याच्या दृष्टीने ते पुन्हा तपासण्यासारखे आहेत. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा सोडून उलट फिरता येत नाही. पळणारीला यांपैकी कोणतेच बंधन नाही. त्यामुळे पळणारीचे सारे कौशल्य एकाच गोष्टीत एकवटलेले असते : भर वेगात असताना अचानक थांबायचे, हूल द्यायची आणि दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे वळायचे. नऊ मिनिटांच्या पाळीत एक चांगली पळणारी असे किती वेळा वळते हे कोणी मोजून पाहावे. उलट, पाटीवर बसलेल्या आठजणी गुडघे पूर्ण दुमडून, टाचा उचलून, खो मिळताच बाणासारखे सुटण्याच्या तयारीत असतात. शिवाय दोन टोकांना खांब. खांबाला हात घालून वळताना सगळे शरीर हाताभोवती फिरते आणि पाय मात्र क्षणभर जमिनीत रुतलेला राहतो. थोडक्यात, पूर्ण दुमडलेला गुडघा एकदम सरळ करणे, वेगात थांबणे आणि टेकलेल्या पायावर वळणे, ही गुडघ्याला अवघड असलेली तिन्ही कामे आपल्या या साध्या, बिनखर्चाच्या खेळात एकत्र आली आहेत.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधणारे दोन अस्थिबंध आहेत. ते एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांपैकी पुढचा तो अँटिरिअर क्रुसिएट लिगामेंट. खेळाडूंच्या बोलण्यात तो 'एसीएल' म्हणून ओळखला जातो. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला नको तेवढा पीळ पडू न देणे हे त्याचे काम. सरळ चालताना या कामाची फारशी गरजच लागत नाही. म्हणूनच तो तुटलेला माणूस पंधरा-वीस दिवसांनी बाजारात हिंडताना दिसतो आणि लोकांना वाटते, बरा झाला.

हा अस्थिबंध कोणी धक्का मारल्याने तुटतो असा समज आहे. बहुतेक वेळा तसे नसते. वळताना किंवा उडी मारून उतरताना पाय टेकतो, गुडघा पुरेसा वाकलेला नसतो, तो आतल्या बाजूला झुकतो आणि वरचे शरीर भलतीकडे फिरते. पाय टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत सारे घडून गेलेले असते. माझेही तसेच झाले. गेल्या जानेवारीत सराव चालू असताना हूल देऊन उजवीकडे वळले; जवळपास कोणी नव्हते. गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला आणि तो पाय जणू माझा नव्हताच. दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्याच्या आत रक्तस्राव झाल्याची खूण असते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मात्र 'लचक भरली आहे, तेल लावून चोळा' हाच सल्ला सगळीकडून मिळाला. ताज्या सुजेवर चोळण्यासारखे वाईट दुसरे काही नाही, एवढे मैदानावरच्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. बर्फ, विश्रांती, पाय उंचावर आणि अस्थितज्ज्ञ, हा क्रम. अस्थितज्ज्ञ हाताने नडगी पुढे ओढून जी परीक्षा करतात तिला लॅकमन चाचणी म्हणतात. १९७६ साली ती प्रथम छापून प्रसिद्ध झाली आणि आजही एमआरआयच्या आधी तीच केली जाते. माझ्या बाबतीत तिला अर्धे मिनिटही लागले नाही.

मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते. एकाच खेळातील मुलगे व मुली यांची तुलना केली तर मुलींचे प्रमाण दोनपासून आठपटीपर्यंत आढळते, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसते. कारणांविषयी एकमत नाही. कोणी शरीररचनेकडे बोट दाखवतात, कोणी संप्रेरकांकडे, कोणी उतरण्याच्या पद्धतीकडे. मला स्वतःला यांत आणखी एक साधे कारण दिसते. मुलगे आठवी-नववीपासून जोर-बैठका काढतात, तालमीत जातात. आमच्या हातात मात्र शाळेत असताना एकदम खेळच येतो; त्यासाठी लागणारे स्नायू कमावण्याचे कोणी सांगत नाही. नॉर्वेत २००८ साली १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर मोठा प्रयोग झाला. सरावाआधी वीस मिनिटे ठराविक व्यायाम (एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणे) एवढेच करवून घेतले. तेवढ्यानेही एकूण आणि गंभीर, अशा दोन्ही दुखापती कमी झाल्या. या व्यायामांना उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात ती वीस मिनिटे, आणि तीच आपण 'मैदान थोडाच वेळ मिळतं' म्हणून वाचवतो. असो.

आता शस्त्रक्रियेविषयी. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलीच दुसरी पट्टी बसवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज या सर्जनने १९१७ साली तसे करून दाखवले. आज दुर्बिणीतून लहान छिद्रांवाटे हे काम होते. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, वाटीखालची कंडरा किंवा वाटीवरची कंडरा, यांपैकी एक घेऊन ती दोन्ही हाडांत पाडलेल्या भोगद्यांतून ओवतात. माझ्या बाबतीत मांडीच्या मागची कंडरा घेतली. शस्त्रक्रिया प्रत्येकाने केलीच पाहिजे असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र पाच वर्षांत दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्यांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांना वळण्या-उड्यांच्या खेळात परतायचे आहे त्यांना डॉक्टर सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. मला परतायचे होते.

यानंतरचा भाग या लेखातला सर्वांत महत्त्वाचा, म्हणून वाचकांनी तो सावकाश वाचावा. आत बसवलेली कंडरा पहिल्या दिवशी मजबूत असते. पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. ती एक निर्जीव दोरीच असते म्हणा ना. मग शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या नेते, जुने तंतू मोडते आणि नवे घालते. या मोडतोडीच्या काळात, म्हणजे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती सर्वांत कमकुवत होते. त्यानंतर हळूहळू तिचे रूपांतर अस्थिबंधासारख्या ऊतीत होऊ लागते. हे काम वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त चालते. आता गंमत पाहा. रुग्णाचे दुखणे कधी थांबते? नेमके दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात! आतली दोरी सर्वांत कच्ची आणि बाहेर माणूस सर्वांत खूश. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना घसारा ठाऊक आहे : यंत्र बाहेरून चकचकीत दिसते आणि पुस्तकातली त्याची किंमत उतरत असते. इथे पुस्तकच आपल्याला दिसत नाही.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे होते. त्यांविषयी फार लिहीत नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि मांडीचा स्नायू आवळायचा, हे दिवसातून शेकडो वेळा. गुडघा पूर्ण सरळ होणे हे दुमडण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे. सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडतो. मांडीचा पुढचा स्नायू पंधरा दिवसांत इतका वाळतो की, आपलीच मांडी ओळखू येत नाही. आपल्या घरांतून जमिनीवर जेवायला बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे हे रोजचेच. परदेशी पुस्तकांत याचा उल्लेखही नसतो. मला मांडी घालून बसायला पाच महिने लागले आणि पाटीवर खो-खोच्या पवित्र्यात बसायला आठ. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम कन्नड बोलणाऱ्या. गुडघ्याला त्या 'मोणकालु' म्हणत, मी 'गुडघा' म्हणे. पण त्यांचा ठरलेला शब्द होता 'सावकाश', आणि तो आपल्या भागातल्या कन्नडात नि मराठीत एकच आहे. चौथ्या महिन्यात सरळ रेषेत पळू दिले, सहाव्यात दोन्ही पायांवर उड्या. वळणे अजून दूरच होते.

आणि मग सप्टेंबर आला. शस्त्रक्रियेला सात महिने पूर्ण होत होते आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा महिनाअखेर होत्या. बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असल्याने माझ्या दृष्टीने ती कॉलेजची शेवटची स्पर्धा. पुन्हा कॉलेजचे नाव पाठीवर घेऊन खेळण्याचा प्रसंग येणार नव्हता. संघात बाराऐवजी दहाच मुली होत्या आणि त्यांतली एक तापाने आजारी. आमची कर्णधार कन्नड विभागातली. ती म्हणाली, "नी बंद्रे साकु." तू आलीस तरी पुरे. सरांनी कधी आग्रह धरला नाही. पण माझ्याकडे पाहून ते यादीत एक रकाना मोकळा ठेवत होते, हे मला दिसत होते. घरी आईचे उलट. "बस्स झालं आता खेळणं. उद्या पाटावर तरी बसता यायला नको का तुला?" शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली की, एवढा खर्च करून पुन्हा मोडून घ्यायचा का. एक मैत्रीण म्हणाली, "एवढा खर्च केलास तो न खेळण्यासाठी का?" मला आमच्या परिव्यय लेखांकनाच्या तासाची आठवण झाली. झालेला खर्च हा झालेलाच असतो. पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नसतो. काकूंचे आणि मैत्रिणीचे म्हणणे एकमेकींच्या विरुद्ध, पण चूक एकच.

मग मोजायचे काय? २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनमध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांचा एक निबंध आला. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तो मला वाचायला दिला. एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांची त्यांनी दोन वर्षे नोंद ठेवली. निष्कर्ष असा की, नवव्या महिन्यापर्यंत परतणे जितके पुढे ढकलावे तितका धोका उतरतो. दर महिन्याच्या विलंबामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी झाले. नऊ महिन्यांनंतर मात्र आणखी थांबण्याचा तसा फायदा दिसला नाही. दुसरा निष्कर्ष चाचण्यांचा. मांडीची ताकद, चार प्रकारच्या लंगडी-उड्या आणि दोन प्रश्नावल्या, या सर्वांत ९० टक्के मिळवून मग वळण्या-उड्यांच्या खेळात परतलेले होते १८. त्यांपैकी फक्त एकाला पुन्हा दुखापत झाली. चाचण्या पार न करताच परतलेले होते ५५. त्यांपैकी २१ जणांना झाली. १८ ही संख्या लहान आहे, हे संख्याशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला खटकेल, मलाही खटकले. तरीपण १८ पैकी १ आणि ५५ पैकी २१ यांतला फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांची बेरीज मांडणाऱ्या दुसऱ्या निबंधात पंचविशीच्या आतल्या आणि खेळात परतलेल्या दर शंभरांपैकी सुमारे २३ जणांना दोहोंपैकी कोणत्यातरी गुडघ्याची पुन्हा तीच दुखापत झाल्याचे दिसले. म्हणजे चारातला जवळजवळ एक.

तेव्हा मी चाचण्या द्यायचे ठरवले. मोठ्या शहरांत स्नायूंची ताकद मोजणारी संगणकीय यंत्रे असतात. आमच्याकडे होती व्यायामशाळेतली पाय सरळ करण्याची खुर्ची, शिंप्याची टेप आणि खडू. एका पायाने जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन ही ताकद. लंगडी घालत एका उडीत कापलेले अंतर ही उडी. दुखावलेल्या पायाच्या आकड्याला चांगल्या पायाच्या आकड्याने भागून शंभराने गुणायचे, की समानतेचा निर्देशांक मिळतो.

उडीचा निकाल पाहून मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. चांगला पाय १३२ सेंटिमीटर, दुखावलेला १२५. म्हणजे ९५ टक्के! आता ताकद. चांगल्या पायाने साडेबावीस किलो, दुखावलेल्याने साडेसतरा. ७८ टक्के. उडीत पास आणि ताकदीत नापास, हे कसे? इथे मला तेरजेचा धडा उपयोगी पडला. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बिनचूक, असे आपण मानत नाही. कारण एकमेकींची भरपाई करणाऱ्या चुका तिच्यात दिसत नाहीत. शरीर अशा भरपाईत फार हुशार असते. उडी मारताना गुडघ्याचे काम कमरेचा सांधा आणि घोटा वाटून घेतात. अंतर पुरे पडते आणि गुडघा मात्र चोरलेलाच राहतो. ही चोरी उतरण्याच्या क्षणी सर्वांत जास्त होते. आम्ही मोबाइलवर चित्रण करून पाहिले तर ते उघड दिसले : चांगल्या पायावर उतरताना गुडघा खोल वाकत होता, दुखावलेल्या पायावर मी काठीसारखी ताठ उतरत होते आणि कमरेतून पुढे झुकत होते.

दुसरी फसवणूक अधिक सूक्ष्म आहे आणि तीही आपल्याच अभ्यासक्रमातली. निर्देशांक काढताना आधारवर्ष चुकीचे निवडले तर महागाई आहे त्यापेक्षा कमी दिसते, हे आपण शिकतो. इथे आधारवर्ष म्हणजे चांगला पाय. पण सात महिने घरी बसल्यावर तो तरी चांगला कुठे राहतो? शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याची नोंद करून ठेवली होती : पंचवीस किलो. सप्टेंबरात तो साडेबावीसवर आला होता. साडेसतराला पंचवीसने भागले की ७८चे ७० होतात. तेव्हा माझी सर्व खेळाडूंना सूचना आहे की, शस्त्रक्रिया ठरली की तिच्याआधी धडधाकट पायाचे मोजमाप लिहून ठेवा. एका वहीत दोन ओळी पुरतात. नंतर तो आकडा कोठूनही मिळत नाही.

७० टक्के. मी यादीत नाव घातले नाही. कर्णधाराला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "गुणलेखक तरी हो." तीन दिवस मी गुणपत्रक लिहिले. उपांत्य सामन्यात आमचा संघ एका गुणाने हरला. शेवटच्या पाळीत पळणाऱ्या पहिल्या तिघी पाच मिनिटांच्या आत बाद झाल्या. त्या तिघींत एरवी मी असते, हे ते गडी लिहिताना माझ्या मनात आले नसेल असे कसे म्हणू?

ताकदीचा प्रश्न वजनाने सुटतो. भीतीचा सुटत नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. खेळताना गुडघा दगा देईल असे वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, अशा तऱ्हेचे ते प्रश्न आहेत. तिची गरज का भासली, ते २०१४ सालच्या एका मोठ्या संकलनावरून कळते. शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्यातरी खेळात परतले, ६५ टक्के आपल्या पूर्वीच्या पातळीवर पोचले आणि स्पर्धेत उतरले फक्त ५५ टक्के. पाय बरा होऊनही पुष्कळजण परतत नाहीत, आणि त्यामागे भीती हे एक मोठे कारण आहे. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एकदा दगा दिलेल्या कर्जदाराला बँक पुन्हा कर्ज देताना तारण मागते, तेव्हा तिला आपण शहाणी म्हणतो.

आपल्या देशातील दोन उदाहरणे इथे सांगण्याजोगी आहेत. विनेश फोगट २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व कुस्तीत गुडघा जायबंदी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर आली. मे २०१७मध्ये तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य मिळवले आणि २०१८मध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण. ऑगस्ट २०२३मध्ये पुन्हा एसीएलची शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची आशियाई स्पर्धा हुकली. आणि बरोबर वर्षाने ती पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. वजनामुळे तिला तेथे अपात्र ठरवले गेले, तो भाग निराळा. गुडघ्याने तिला दगा दिला नव्हता. दुसरी दीपा कर्माकर. जिम्नॅस्टिक्समध्ये तर सगळा खेळ उतरण्याचाच. २०१७ साली शस्त्रक्रिया, जुलै २०१८मध्ये तुर्कस्तानातील मेर्सिन येथे व्हॉल्टचे सुवर्ण, २०१९मध्ये बाकू येथे पुन्हा गुडघ्याचे दुखणे आणि मे २०२४मध्ये ताश्कंद येथे आशियाई सुवर्ण. पुढे त्याच वर्षी ती निवृत्त झाली. वर्तमानपत्रे यांना 'जिद्दीच्या कहाण्या' म्हणतात. मला त्यांत जिद्दीइतक्याच तारखा दिसतात : नऊ महिने, पंधरा महिने, बारा महिने. आणि हेही की, त्यांच्यामागे रोज फिजिओथेरपिस्ट असतो, आपल्यामागे आठवड्यातून एकदा आणि तोही बसभाडे खर्चून.

डिसेंबरात, दहाव्या महिन्यात, दुखावलेल्या पायाने साडेबावीस किलो उचलले. चांगला पाय पुन्हा पंचवीसवर आला होता. नव्वद टक्के, काठावर पास. चित्रणातही दोन्ही गुडघे सारखे वाकलेले दिसले. त्यानंतर आमच्या सरांनी आणि मॅडमनी मिळून परतीचा क्रम ठरवला. प्रथम फक्त पाठलाग, कारण त्यात दिशा आधीच ठरलेली असते. मग पाटीवर बसून खो घेऊन उठणे. मग पळणे, पण कोठे वळायचे ते आधी सांगून. आणि शेवटी न सांगता. तिसऱ्या पायरीवरून चौथीवर जाताना मी तीन दिवस अडले. पाय पळत, पण वळायच्या जागी आपोआप दोन पावले जास्त टाकत. आणि खो-खोत दोन पावले म्हणजे बाद. यावर उपाय सापडला तो असा : समोरच्या खेळाडूकडे न पाहता तिच्या खांद्याकडे पाहायचे. लक्ष बाहेर गेले की गुडघ्याचा विसर पडतो. चौथ्या दिवशी मी वळले, आणि वळल्याचे मला नंतर कळले.

सध्या मी आमच्या गल्लीतल्या मंडळाकडून खेळते. पहिल्या सामन्यात दोन मिनिटे दहा सेकंद पळाले. खांबावर वळणे आणि सूर मारणे अजून बंद आहे. ते मार्चनंतर पाहू, असे मॅडम म्हणतात. आई सामन्याला आली नाही, पण गुडघ्याचा पट्टा तिनेच धुऊन वाळत घातला होता.

उडीच्या मोजमापासाठी मारलेल्या खडूच्या खुणा जिमखान्याच्या व्हरांड्यात अद्याप आहेत. दर सोमवारी मी त्या पुन्हा गडद करते. गेल्या महिन्यात प्रथम वर्षाच्या एका कबड्डीपटूची लॅकमन चाचणी झाली आणि त्याच्या धडधाकट पायाचा आकडा आम्ही शस्त्रक्रियेपूर्वीच वहीत लिहून घेतला आहे. तो कन्नड माध्यमाचा असल्याने व्यायामांचा तक्ता याच अंकाच्या कन्नड विभागात छापावा, अशी विनंती मी संपादक मंडळास केली आहे. वही शारीरिक शिक्षण विभागाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.